घराबाहेरचे तास

लग्न होऊन मी जर्मनीत येनाला आले, तेव्हा सासूबाईंना जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. सासरे शहरापासून वीसेक किलोमीटरवरच्या खेड्यात एकटे राहत. ते ट्रक चालवायचे. सोमवारी पहाटे घरून निघायचे, आठवडाभर ट्रकच्या केबिनमध्ये झोपायचे आणि शुक्रवारी दुपारी परत यायचे. रविवारी आमच्याकडे जेवायला येत. जेवताना फार तर चार वाक्यं बोलत, त्यातलं एक हवामानाबद्दल असे.

त्यांना हाक काय मारायची हा माझा पहिला पेच होता. नवरा म्हणाला, नावाने मार, इथे सगळे तसंच करतात. माझ्या तोंडून ते नाव निघेना. ‘बाबा’ म्हणावं तर ते जर्मन, त्यांना कळणार नाही. मग मी हाकच मारायची टाळू लागले. समोर जाऊन उभी राहायचे, त्यांनी मान वर केली की बोलायचे. जर्मनमध्ये मी त्यांना ‘डू’ म्हणते, म्हणजे सरळ अरे-तुरेच. पण मराठीत त्यांच्याबद्दल लिहायला बसले की ‘ते’ आणि ‘तुम्ही’च येतं, त्याला माझा इलाज नाही.

पुण्यात मी सहा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काम केलं होतं. येनाला आल्यावर त्या सहा वर्षांना काही किंमत उरली नाही. नवरा भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात जायचा, मी सकाळी भाषेच्या वर्गाला जायचे आणि दुपारी घरी बसून क्रियापदं घोकायचे. त्या पहिल्या हिवाळ्यात, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी, नवऱ्याने वडिलांना सहज विचारलं की तुमच्या कराच्या कागदांचं काय झालं. सासऱ्यांनी बटाट्यावर सॉस ओतून घेतला. नवऱ्याने पुन्हा विचारल्यावर म्हणाले, ते सगळं तीच बघायची.

ती म्हणजे सासूबाई. त्या गेल्यापासून सासऱ्यांनी एकाही वर्षाचं विवरणपत्र भरलं नव्हतं. पगारातून कर कापला जातो तेवढा जाऊ द्यायचा, परत मागायचा नाही. नोकरदाराला मागे जाऊन चार वर्षांपर्यंतचं विवरणपत्र भरता येतं, त्यानंतर ते वर्ष हातचं जातं. म्हणजे त्यांच्या सगळ्यात जुन्या वर्षाची मुदत एकतीस डिसेंबरला संपणार होती. मी मोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, “मला बघू द्या.” सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने सांगितलं की हिने पुण्यात हेच काम केलंय. पुढच्या रविवारी ते ख्रिसमसच्या केकचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. झाकण बसत नव्हतं म्हणून त्याला दोरी बांधली होती.

डब्यात पावत्या होत्या. आउटोबानवरच्या, म्हणजे इथल्या महामार्गावरच्या, स्वच्छतागृहांच्या, न्हाणीघरांच्या, गाडी उभी करण्याच्या. सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं की पावती टाकायची नाही, म्हणून त्या गेल्यावरही ते आणून डब्यात टाकत राहिले, एवढंच. उघडून पाहिलं नाही. मी त्या जेवणाच्या टेबलावर महिन्याप्रमाणे लावायला घेतल्या. शाई उडाली होती, काही कागद पार पांढरे झाले होते. शब्दकोश शेजारी ठेवून मी नियम वाचू लागले. ट्रकमध्ये झोपणाऱ्या ड्रायव्हरला हॉटेलचा खर्च मागता येत नाही, कारण तो हॉटेलात राहतच नाही. त्याने अंघोळीला, स्वच्छतागृहाला, केबिनच्या सफाईला प्रत्यक्ष काय दिलं ते दाखवायचं. स्वच्छतागृहाला सत्तर सेंट पडतात, त्यातले पन्नास सेंट कूपन म्हणून परत मिळतात, तेव्हा मागायचे फक्त वीस. घर ते डेपो या प्रवासाचंही तसंच. सोमवारी जाणं आणि शुक्रवारी येणं मिळून एकच फेरी धरायची, आणि किलोमीटर एका बाजूचे. हे वाचताना मला फार दिवसांनी बरं वाटलं. भाषा परकी होती, पण हे डोकं माझ्या ओळखीचं होतं.

अडचण जेवणाच्या खर्चापाशी आली. ड्रायव्हर जितके तास घराबाहेर असतो, त्याप्रमाणे जेवणाच्या वाढीव खर्चासाठी ठरावीक रक्कम उत्पन्नातून वजा करता येते. त्याला पावती लागत नाही. मी हे सांगितल्यावर सासऱ्यांनी मान हलवली. होकारार्थी नव्हे.

“मी हॉटेलात जेवत नाही,” ते म्हणाले. “घरून नेतो, विकतचे हवाबंद डबे उघडतो. जे खाल्लं नाही त्याचे पैसे मी मागणार नाही.”

नवऱ्याने समजावलं. सगळे ड्रायव्हर घेतात, कायद्यानेच दिलंय. सासरे म्हणाले, सगळे घेत असतील. मला राग आला नाही, उलट थोडी लाज वाटली. पुण्यात मी सहा वर्षं लोकांना जे खाल्लं नाही त्याची बिलं जोडताना पाहिलं होतं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

जाताना दारात कोट चढवता चढवता ते म्हणाले, “मंगळवारी मी न्युर्नबर्गकडे जाऊन त्याच दिवशी परत येणार आहे. तुला यायचं असेल तर मालकाला विचारतो.” का म्हणाले ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांची कंपनी छोटी होती, पाच-सहा ट्रकची. मालकाने माझी एका कागदावर सही घेतली आणि जाऊ दिलं.

मंगळवारी सकाळी सहाला मी पहिल्यांदा ट्रकमध्ये चढले. पायरीवरच त्यांनी मला बूट काढायला सांगितलं. आत गालिचा होता, मागे बिछाना, त्यावर घडी घातलेली निळी दुलई. आपण घरात शिरताना चपला काढतो तसे ते बूट काढून, लोकरी मोज्यांवर गाडी चालवत होते. फ्रांकेनचं जंगल लागलं तेव्हा कुठे उजाडलं. बर्फ नव्हता, नुसतं धुकं होतं. तीन तासांत आम्ही मिळून वीस शब्द बोललो असू. पण मला अवघडल्यासारखं वाटलं नाही. रविवारच्या टेबलावरची शांतता वेगळी होती, ही वेगळी. इथे त्यांना काम होतं.

न्युर्नबर्गच्या अलीकडे एका गोदामात माल उतरवायचा होता. आमच्या पुढे नऊ ट्रक होते. दोन तास थांबलो. मला स्वच्छतागृहात जायचं होतं, तिथल्या दारावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी होती. मी आत जाऊन विचारलं, तर काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता पाटीकडे बोट केलं. मी परत येऊन सासऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, “हो. असंच असतं.” माल उतरल्यावर त्यांनी गाडी सरळ पहिल्या थांब्यावर नेली. मी सत्तर सेंट टाकून जाऊन आले, तेव्हा ते खाली उभे होते. मी पावतीची चिठ्ठी पुढे केली, त्यांनी ती खिशात ठेवली आणि लगेच बाहेर काढून परत दिली. ती माझी होती, त्यांची नव्हती, म्हणून.

मग जेवण. पंचेचाळीस मिनिटांची सक्तीची विश्रांती होती. त्यांनी बिछान्याखालून छोटा गॅस काढला, बाहेर पायरीच्या आडोशाला ठेवला आणि मटणाच्या रश्श्याचा डबा भांड्यात ओतून गरम केला. माझ्याकडे पोळ्या आणि कोबीची भाजी होती. आम्ही केबिनमध्ये मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो. आपण खरंच घरचं नेलेलं खातो हे दाखवायला त्यांनी मला आणलं असावं. बाजूने गाड्या जात होत्या, प्रत्येक मोठ्या गाडीबरोबर आमचा ट्रक थोडा हलायचा. थर्मासमधली कॉफी कोमट झाली होती, म्हणून ते थांब्यावरच्या दुकानातून दोन कॉफ्या घेऊन आले. त्यांची किंमत ऐकून मला वाटलं, माझे कान चुकताहेत.

मी विचारलं, “घरी हेच खाता का? हा डबा?”

त्यांनी घास गिळला. “घरी मी डबा उघडत नाही,” ते म्हणाले. “घरी सूप करतो. शनिवारी. बटाट्याचं.”

“मग कायदा त्या फरकाचेच देतो,” मी म्हणाले. मला शब्द जुळवायला वेळ लागला. “जेवणाचे नाही देत. घरच्या टेबलावर नाही जेवलात, त्याने जे जास्त पडतं, त्याचे देतो. ही कॉफी. हा डबा. तो शब्दच बघा ना, ‘मेअर’ आहे त्यात. जास्तीचं.”

त्यांनी ताटली कागदाने पुसली, गॅस आवरला. घराजवळचा, दोन महामार्ग मिळतात तो हेर्म्सडॉर्फचा चौक आला तेव्हा, म्हणजे दीड-दोन तासांनी, म्हणाले, “आल्झो, बरं तर, कर मग तसं.”

घरी पोचायला साडेचार वाजले. साडेदहा तास झाले होते. मी मनात म्हटलं, आजचा दिवस धरायचा, पण पूर्ण नाही.

आता पेच जुन्या वर्षाचा होता. मधल्या काळात कायदा बदलला होता. नव्या नियमात निघण्याच्या आणि परतण्याच्या दिवसाला एकच ठरावीक रक्कम, किती वाजता निघालात हे कुणी विचारत नाही. पण आमचं सगळ्यात जुनं वर्ष त्या बदलाच्या आधीचं होतं. तेव्हा तीन पायऱ्या होत्या. आठ तासांहून जास्त बाहेर असलात तर सहा युरो, चौदा तासांपासून पुढे बारा, आणि पूर्ण दिवसाला चोवीस. सोमवारचे तास निघाल्यापासून मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवारचे मध्यरात्रीपासून घरी येईपर्यंत. म्हणजे प्रत्येक सोमवारी किती वाजता घर सोडलं आणि प्रत्येक शुक्रवारी किती वाजता दारात आले ते माहीत हवं. त्या वर्षी सासरे दुसऱ्या कंपनीत होते आणि ती कंपनी बंद पडली होती. दाखला द्यायला कोणीच नव्हतं. मी विचारलं, कुठे काही लिहिलेलं आहे का. ते नाही म्हणाले. तसं असेल तर फक्त पूर्ण दिवस लावू, असं मी ठरवलं.

ख्रिसमसच्या आधीच्या रविवारी ते जेवून झाल्यावर उठले, बाहेर गाडीत गेले आणि एक कॅलेंडर घेऊन आले. स्वयंपाकघरात भिंतीला टांगतात तसलं, खेड्यातल्या बेकरीने फुकट दिलेलं, महिन्याला एक पान. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “इथे आहे.” शिवणाच्या मशीनच्या खणात होतं, असं नवऱ्याने नंतर सांगितलं.

प्रत्येक सोमवारच्या आणि शुक्रवारच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरात वेळ लिहिली होती. काही ठिकाणी वेळेपुढे एखादा शब्द. अक्षर सासूबाईंचं. त्यांना कायदा माहीत होता. तास लागतात हे ठाऊक असल्यामुळे सासरे निघाले की आणि आले की त्या उठून भिंतीपाशी जात असणार.

मला ते अक्षर लागेना. शाळेत जुन्या वळणाने शिकलेलं, चार आणि नऊ सारखेच. मग असं ठरलं की त्यांनी वाचायचं आणि मी संगणकात भरायचं. नवरा मुद्दाम फिरायला गेला. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि जानेवारीपासून सुरुवात केली. सोमवार, चार दहा. शुक्रवार, पंधरा चाळीस. सोमवार, चार दहा. शुक्रवार, सतरा पाच, रस्त्यात खोळंबा. शुक्रवार, सोळा वीस, बर्फ. शुक्रवार, पंधरा पन्नास, दमलेला. त्यांचा आवाज सपाट होता, मालाची यादी वाचावी तसा. मी आकडे भरत होते. ‘दमलेला’ हा शब्द मी त्या दिवशी शिकले. भाषेच्या वर्गात अजून आला नव्हता.

मे महिन्यात एका शुक्रवारी तेरा वीस होते. मी सवयीने म्हणाले, “हे चौदा तासांच्या आत आलं. याला अर्धेच मिळतील.”

“हो,” ते म्हणाले. “तिचा वाढदिवस होता. मी गुरुवारीच उतरवून घेतलं होतं सगळं, म्हणून लवकर आलो.”

मी तेरा वीस भरलं. त्यांनी पान उलटलं आणि जून वाचायला लागले. डिसेंबरपर्यंत थांबले नाहीत. शेवटची वेळ वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “पुढच्या मार्चपर्यंत लिहिलंय तिने. ते दुसऱ्या कॅलेंडरवर आहे. लागेल तेव्हा आणीन.” मी चहा केला. आलं घातलेला चहा त्यांना आवडत नसे, पण त्या दिवशी दोन कप प्यायले.

तीस डिसेंबरला सासरे आणि मी चालत जाऊन तो लिफाफा फिनान्झआम्टच्या, म्हणजे कर कार्यालयाच्या, पेटीत टाकून आलो.

मार्चमध्ये पत्र आलं. जुन्या वर्षाच्या वेळा कशावरून लिहिल्या ते दाखवा, मूळ कागद पाठवा. सासरे म्हणाले, पोस्टाने पाठवणार नाही. हरवलं तर. मग मी फोन करून वेळ घेतली. फोन करण्याआधी वाक्यं कागदावर लिहून काढली होती. ठरल्या दिवशी ते सुट्टी घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले. कार्यालयात साधारण माझ्या आईच्या वयाच्या बाई होत्या. त्यांनी कॅलेंडर हातात घेतलं आणि पानं उलटू लागल्या. सावकाश उलटत होत्या. मे महिन्यावर क्षणभर थांबल्यासारख्या वाटल्या, कदाचित माझा भास असेल. मग उठल्या, सगळ्या पानांच्या प्रती काढल्या आणि मूळ कॅलेंडर परत दिलं.

“इतकं व्यवस्थित लिहिलेलं फार कमी लोक आणतात,” त्या म्हणाल्या.

“माझी बायको,” सासरे म्हणाले.

त्या बाईंनी मान हलवली आणि अजून काही विचारलं नाही. पायऱ्या उतरताना सासऱ्यांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. बर्फाने पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणूनही असेल.

कर परत मिळाला. उरलेल्या तीन वर्षांचीही विवरणपत्रं आम्ही त्या उन्हाळ्यात भरली. पण जे खरं झालं ते मला ऑगस्टमध्ये कळलं. नोकरदारांना कर भरायला मदत करणाऱ्या एका संस्थेतून मला फोन आला. भेटायला याल का, असं विचारलं. मी अर्ज केला नव्हता. गेल्यावर तिथल्या प्रमुख बाईंनी सांगितलं, एक ट्रक ड्रायव्हर आमच्याकडे आले होते. हातात कर कार्यालयाची चार निकालपत्रं होती. त्यांना सल्ला नको होता. ते म्हणाले, हे माझ्या सुनेने केलं आहे, जर्मन येत नव्हतं तेव्हा केलं आहे, आता येतं. एवढं बोलून त्यांनी माझा फोन नंबर लिहून दिला आणि गेले. चार वाक्यं. त्यांच्या रविवारच्या मापाने भरपूर झाली.

मला नोकरी लगेच मिळाली नाही. आधी इथलं शिक्षण घ्यावं लागलं, तीन वर्षं. त्यातच मुलगी झाली. एका परीक्षेत नापास झाले, पुन्हा दिली. पण रस्ता दिसला होता. सासऱ्यांना मी कधी विचारलं नाही की तुम्ही गेलात का तिथे. त्यांनीही सांगितलं नाही.

मी संस्थेत शिकाऊ म्हणून बसू लागले त्याच सुमारास, दोन हजार वीसपासून, पुन्हा नियम बदलले. पूर्ण दिवसाचे चोवीसचे अठ्ठावीस झाले, निघण्या-परतण्याच्या दिवसाचे बाराचे चौदा. आणि केबिनमध्ये झोपणाऱ्यांना दिवसाला सरसकट आठ युरो. अंघोळीची पावती नको, स्वच्छतागृहाची नको, काहीच नको. आमच्या संस्थेत ट्रकवाले यायचे ते ऐकून खुर्चीत मागे टेकायचे. एक जण म्हणाला, आता मला खिसे उलटे करायला नकोत. त्याच वसंतात साथ आली. आउटोबानवरची न्हाणीघरं कुठे बंद, कुठे उघडी. कित्येकांना आठवडा आठवडा अंघोळ मिळाली नाही. ते आठ युरो मात्र लागू होते. बरं झालं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही.

सासऱ्यांनी ते वर्षभर पावत्या गोळा केल्याच. म्हणाले, कायदा आज आहे, उद्या बदलेल. दुसऱ्या वर्षी त्यांनी सोडून दिलं. दरवर्षी जानेवारीतला एक रविवार आम्ही या कामासाठी ठेवत असू. दुपारभर बसायचो. मी पावत्यांवरची गावं वाचायची, त्यांनी काहीबाही सांगायचं. इथे टायर फुटला होता. इथल्या बाई कॉफीचे पैसे घेत नाहीत. पावत्या नसलेल्या पहिल्या जानेवारीत ते कंपनीच्या दाखल्याचा एकच कागद घेऊन आले. किती दिवस बाहेर, कंपनीने भत्ता किती दिला. मी उरलेला फरक काढला, बटण दाबलं, वीस मिनिटांत झालं. अडीच वाजले होते. आम्ही दोघं टेबलाकडे बघत बसलो.

मग त्यांनी विचारलं, “तुझे वडील बस चालवायचे ना?”

माझे वडील सांगली डेपोला एसटीचे ड्रायव्हर होते. लग्नात हे सासऱ्यांना सांगितलं होतं, पण ‘बस’ या शब्दापुढे ते गेलं नव्हतं. मी म्हणाले, हो, चौतीस वर्षं. ते म्हणाले, मग ते झोपायचे कुठे.

मला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला. वडिलांची वस्तीची गाडी असायची. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायची आणि सकाळी तिथूनच परत फिरायची. ते माझ्यापेक्षा वडिलांनीच सांगावं म्हणून मी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळ होती. वडील बनियनवर होते, व्याही दिसताच आत जाऊन शर्ट घालून आले. मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते.

वडील म्हणाले, “अहो व्याही, उन्हाळ्यात गाडीच्या टपावर झोपायचो. पावसाळ्यात आत, सीटवर. कंडक्टर पुढच्या सीटवर, मी मागच्या.”

सासऱ्यांनी विचारलं, अंघोळ?

“विहिरीवर. पहाटे, बायका पाण्याला यायच्या आत.”

सासऱ्यांनी मग विचारलं, त्याचे मिळायचे का काही. वडील हसले. मुक्कामाचा भत्ता होता, म्हणाले, पण त्यात चहा आणि भजी झाली की संपायचा. आणि जेवण? जेवण गावातलं कुणीतरी घालायचं, पाटलांकडून भाकरी यायची. वडिलांनी विचारलं की तुमच्याकडे नाही का घालत कुणी. मी हे जर्मनमध्ये सांगितलं. सासरे म्हणाले, “नाही. आम्ही गावात जातच नाही. आम्ही फक्त रस्त्यावर असतो.”

वडिलांनी फोन जवळ धरला आणि मला म्हणाले, त्यांना सांग, इथे या, मी वस्तीच्या गावाला घेऊन जातो, जेवायला. सासरे म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, येईन. पण ते कधी गेले नाहीत. दोन वर्षांनी वडील वारले. बातमी कळली तेव्हा सासरे कुठेतरी हॅनोवरच्या पुढे होते. शुक्रवारी ते डेपोवरून घरी न जाता सरळ आमच्याकडे आले, कामाच्याच कपड्यात. दोन तास बसले आणि उठून गेले. मी त्यांना त्या दिवशी ‘बाबा’ म्हणाले. अर्थ विचारला नाही त्यांनी. तेव्हापासून तीच हाक आहे.

दोन हजार चोवीसपासून केबिनमधल्या मुक्कामाचे आठाचे नऊ झाले. जेवणाचे दर वाढवायचीही बरीच चर्चा होती, ते मात्र राहून गेलं. ते त्यांचं कामाचं शेवटचं वर्ष. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ट्रकच्या किल्ल्या मालकाच्या हातात दिल्या. केबिनमधला गालिचा आणि दुलई घरी घेऊन आले. गालिचा धुऊन बागेत तारेवर टाकला. मी शेवटचं विवरणपत्र भरताना म्हणाले, बाबा, यंदा रात्रीमागे एक युरो जास्त आहे. ते म्हणाले, “गादी तीच होती.”

आता ते घरीच असतात. माझ्या मुलीला दुपारी शाळेतून आणतात. ती मी मराठीत बोलले तर जर्मनमध्ये उत्तर देते, त्यामुळे घरात आम्हा तिघांची भाषा शेवटी तीच होते. पहिले काही महिने सासऱ्यांना दुपारी बाराला भूक लागायची नाही. गेली कित्येक वर्षं त्यांचं जेवण पोटाप्रमाणे नव्हे, विश्रांतीच्या घड्याळाप्रमाणे व्हायचं. हळूहळू सुटलं. मुलीबरोबर दीडला जेवायला लागले.

यंदा जानेवारीत संस्थेत गर्दी आहे. कामावर जाण्यायेण्याच्या प्रवासाची वजावट आता पहिल्या किलोमीटरपासून अडतीस सेंट झाली आहे, आधी हा दर एकविसाव्यापासून होता, त्याच्या आत तीस सेंट. डेपोजवळ राहणाऱ्या ड्रायव्हरांनाही आता थोडं जास्त मिळणार, आणि सगळ्यांना ते समजावून हवं आहे. परवा सकाळी मी ट्राममध्ये असताना सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी वर्तमानपत्रातून तो पूर्ण मजकूर वाचून दाखवला. नोकरीतल्या माणसालाच तो उपयोगी आहे, पेन्शनवर असलेल्या माणसाला नाही. मी म्हणाले, “बाबा, तुम्हाला आता याचा काय उपयोग?”

“मला नाही,” ते म्हणाले. “तुला विचारतील. एक उदाहरण दिलंय, अठरा किलोमीटरचं. लिहून घे.”

मी पिशवीतून पेन काढलं. आकडे मला आदल्या आठवड्यापासून पाठ होते. तरी लिहून घेतले.